टाकीत दहा, मला दिसले तीन

प्रिय बारक्या,

हे पत्र सुरुवातीपासून वाच. तुझी खोड मला ठाऊक आहे, गोष्टीचं पुस्तक हातात आलं की तू आधी शेवटचं पान उघडायचास. या वेळी तसं करू नकोस. शेवटाकडून सांगितलं तर तू कागदाची घडी घालून खिशात टाकशील आणि ‘ताईचं नेहमीचंच’ म्हणत कामाला लागशील. फोन करावा तर दुसऱ्या वाक्याला तुझं ‘बरं बरं, ठेवतो’ सुरू होतं. म्हणून लिहायला बसले. ओळी वाकड्यातिकड्या झाल्या असतील, एकीच्या डोक्यावर दुसरी बसली असेल, तर तेवढं चालवून घे. बरेच दिवस एक गोष्ट मी तुझ्यापासून दाबून ठेवलीय. ती मला नीट क्रमानं सांगू दे. मध्येच थांबले तर पुन्हा हिंमत व्हायची नाही.

सुरुवात माशांपासून आहे, हसू नकोस. तुझी भाची वसतिगृहात राहायला गेली आणि जाताना तिची काचेची टाकी आमच्या गळ्यात मारून गेली. दोन फूट लांब, बैठकीच्या खोलीत खिडकीपासून लांबच्या भिंतीला. त्यात वीसेक गप्पी, निळी-लाल रेघ असलेले बारा चिमुकले निऑन, आणि गुरामीची एक जोडी, जुन्या नवराबायकोसारखी एकमेकांकडे पाठ करून तरंगणारी. मी दिवसभर कपडे दुरुस्तीच्या दुकानात, म्हणून खायला घालायचं काम तुझ्या भाऊजींनी अंगावर घेतलं. त्यांचा हात तुला माहीतच आहे. पाहुण्याच्या ताटात वाढावं तसं ते माशांना वाढतात. मासे बिचारे पोट फुटेस्तोवर खात, उरलेलं खाली खडीत जाऊन बसे, कुजे, त्यावर पांढरी लव धरे. महिन्याभरात पाण्याला ओल्या पायपुसण्यासारखा वास यायला लागला. पोरीला सांगितलं तर ती फोनवरून आम्हालाच ओरडली. ‘आई, बाबांना सांग, चिमटीनं घालायचं, मुठीनं नाही. आणि तळाशी राहणारं काहीतरी आणा. खाली पडलेलं ते उचलतात.’

तर एका सुट्टीच्या सकाळी आम्ही दोघं टाक्यांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक लांबोडकी अंधारी खोली, दोन्ही बाजूंना छतापर्यंत टाक्या, सगळीकडे बुडबुड बुडबुड. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि गिऱ्हाइकाला वस्तू न विकण्यातच त्याला जास्त आनंद. काचेला तोंड चिकटवून बसलेला एक मासा मला फार आवडला, अगदी शहाण्यासारखा काच चाटत होता. म्हातारा म्हणाला, ‘बाई, हा आत्ता बोटाएवढा दिसतोय. दोन वर्षांत तुमच्या हाताएवढा होईल. साफ करेल त्याच्या दुप्पट घाण करेल. तेव्हा तुम्ही त्याला कुठे सोडणार?’ मग त्यानं सापाच्या पिल्लासारखे पट्टेरी लोच मासे दाखवले. दाखवले म्हणजे काय, वाळू दाखवली. ते वाळूत घुसून होते, दिवसा क्वचितच बाहेर येतात म्हणे. मी म्हटलं, ‘जे दिसतच नाही ते पाळायचं कशाला?’ भाऊजी हसले, मीही हसले. पट्ट्यापट्ट्यांची गोगलगाय चांगली होती, पण ती शेवाळ खाते, सांडलेल्या खाण्याला फारसं तोंड लावत नाही. लाल झिंगे उरलंसुरलं अगदी निवडून खातात, पण आमच्या गुरामींनी त्यांनाच निवडून खाल्लं असतं.

शेवटी ठरले कोरी. लहानसे, गुबगुबीत, खालच्या ओठाला मिशा असलेले, सहाच्या सहा एका दिशेनं वाळू चाचपत चाललेले, जत्थ्यानं हिंडणारे. एकटादुकटा ठेवला तर तो भेदरून कोपऱ्यात बसतो, म्हणून सहापेक्षा कमी द्यायला म्हातारा तयार नव्हता. टाकीत खडी आहे म्हटल्यावर तर त्यानं पिशवीच मागे घेतली. ‘टोकदार खडीनं यांच्या मिशा झिजतात. आधी बारीक वाळू घाला, मग या.’ आणि निघताना वर ऐकवलं, ‘हे काही झाडूवाले नव्हेत. माशांची विष्ठा कुणीच खात नाही, दर आठवड्याला नळीनं गाळ तुम्हालाच ओढायचाय. यांना नुसत्या उरल्यासुरल्यावर ठेवायचं नाही, बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या टाकायच्या.’ भाऊजींना म्हातारा फार पटला. घरी येऊन त्यांनी न्हाणीघरात बसून वाळू बारा पाण्यांनी धुतली, खडी काढली, वाळू पसरली. पाणी निवळायला दोन दिवस लागले. मग आम्ही सहा कोरी आणले.

आणि तिथून माझ्यामागे ते लागलं.

पहिल्या संध्याकाळी मी टाकीसमोर स्टूल घेऊन बसले आणि मोजले. चार. लपले असतील म्हटलं. दुसऱ्या दिवशी तीन. मधूनच तळातून एखादा बाणासारखा वर उसळायचा, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा घोट घ्यायचा आणि खाली जायचा. हे ते करतातच, म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. पण मला तो कुठून आला ते दिसायचंच नाही. काही नसलेल्या जागेतून तो निघायचा आणि काही नसलेल्या जागेत विरून जायचा. मी दचकायचे. बारक्या, बोटभर माशाला दचकणारी बाई तू पाहिली आहेस का? मी फिल्टरच्या मागे शोधलं, टाकीच्या मागे जमिनीवर शोधलं, उडी मारून पडले असतील म्हणून. काही नाही. मग माझ्या मनानं घेतलं की ते मरताहेत आणि मला वाईट वाटू नये म्हणून भाऊजी गुपचूप काढून टाकताहेत. तसं मी त्यांना विचारलंही. ते म्हणाले, ‘अगं, कोण मेलंय?’ मला वाटलं, किती सफाईनं खोटं बोलतोय हा माणूस.

चार दिवसांनी मी एकटीच दुकानात गेले आणि म्हाताऱ्याशी भांडले. दुकानात लोक होते त्यांच्यासमोर. ‘तुम्ही सहा म्हणून चार घातलेत,’ म्हटलं. त्यानं कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि जाळीनं आणखी चार कोरी पकडले. एकेक माझ्या नाकासमोर धरून मोजला आणि पिशवीत सोडला. मी जिंकल्यासारखी घरी आले. पिशवी टाकीत ओतली. पाणी शांत झाल्यावर मोजलं. तीन.

मी रडायलाच लागले. भाऊजी स्वयंपाकघरातून धावत आले. ‘अगं दहा आहेत,’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘माझी मस्करी करू नका.’ ते खाली बसले आणि काचेवर बोट टेकवून एकेक दाखवायला लागले, एक, दोन, तीन, चार. मी त्यांच्या बोटाकडे बघितलं आणि बोटाच्या टोकाशी मासा होता. बोट पुढे सरकलं, तिथेही होता. सगळे अगदी पुढे, काचेला लागून, माझ्यासमोर ओळीनं वाळू चाचपत होते. मी मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि खालची वाळू रिकामी झाली. पुन्हा खाली बघितलं, मासे. वर बघितलं, वाळू. काळं काही नव्हतं, डाग नव्हता, पडदा नव्हता. नुसती स्वच्छ, रिकामी, खोटी वाळू. आणि मी काय केलं सांगू? ‘हो, हो, दिसले,’ म्हटलं, आणि पदर खोचून स्वयंपाकघरात निघून गेले.

तू म्हणशील, तेव्हाच का नाही बोललीस? कारण डोळ्यांचं काही असेल हे माझ्या मनातही आलं नाही. त्याच दुपारी आमच्या शिवणाच्या दुकानात मी सगळ्यात बारीक सुई घेतली, काळा दोरा घेतला, आणि एका झटक्यात ओवला. लहानपणी आईची सुई कोण ओवून द्यायचं? अजूनही दुकानातल्या दोघी पोरसवदा शिवणाऱ्या माझ्याकडे सुया घेऊन येतात. डोळे माझे टाचणीसारखे, मग बिघडलंय काय? डोकं. वरच्या मजल्यावरच्या आजींना भिंतीवर माणसं दिसायची, तुला आठवत असेल. मला असलेले मासे दिसत नव्हते. मी भीतीनं अर्धी झाले. स्वतःचीच परीक्षा घ्यायचे, पाढे म्हणायचे, तुझ्या नि माझ्या जन्मतारखा, दुकानातल्या गिऱ्हाइकांची मापं. सगळं बिनचूक यायचं आणि त्यानं भीती आणखी वाढायची.

एकदा शंका आली की मागचं सगळं एकेक करून उठून उभं राहतं. जिन्याची शेवटची पायरी मी गेलं वर्षभर चुकवत होते. जिना संपला असं वाटून पाय टाकायचा आणि खाली अजून एक निघायची. नडग्यांवर कायम निळे डाग, ते मी दुकानातल्या बाकड्यांवर ढकलायचे. पाणी पेल्यात ओतताना टेबलावर सांडायचं. खालच्या मजल्यावरच्या बाईनं एकदा तोंडावर विचारलं की तिची छोटी रोज हात हलवते, मी बघतही नाही, एवढा कसला राग? मी म्हटलं होतं, घाईत होते. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक कारण तयार होतं, बारक्या. शिवणीत उसवलेलं झाकावं तसं मी एकेक झाकत गेले होते.

मग तो मंगळवार आला. आमच्या दुकानाच्या मालकीणबाईंची नात दहा महिन्यांची आहे, रांगते. तिची आई बाहेर गेली की मालकीणबाई तिला दुकानात आणतात, गाठोड्यांच्या मध्ये चादर टाकून बसवतात. मी कडेच्या टेबलावरून इस्त्री उचलली, गरम, आणि पलीकडच्या टेबलाकडे निघाले, एका पँटची घडी बसवायची होती. समोरची वाट मोकळी होती. शपथ घेऊन सांगते, मोकळी होती. आणि माझ्या पायाखाली काहीतरी मऊ आलं आणि ते किंचाळलं. मी धडपडले. इस्त्री हातातून सुटली. त्या एका क्षणात मला फक्त ती खाली जाताना दिसली, आणि मग दिसेनाशी झाली. कुठे पडली तेच कळेना. मी हात पुढे केला तो इस्त्रीच्या तापलेल्या पत्र्यावरच पडला. त्या भाजण्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की बाळावर नाही पडली, माझ्या हाताखाली आहे.

बाळाची बोटं माझ्या चपलेखाली आली होती. लाल झाली, सुजली, मोडली नाहीत. डॉक्टरांकडे नेलं, फोटो काढला, सगळं ठीक निघालं. पण ते नंतर. त्या वेळी मालकीणबाई पोरीला छातीशी धरून ओरडत होत्या, ‘दिसली नाही का तुला? एवढी समोर बसलेली पोर दिसली नाही?’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘नाही. खरंच नाही दिसली.’ मोठ्यानं मी ते पहिल्यांदाच म्हटलं. म्हटल्याबरोबर मी तिथेच चिंध्यांच्या ढिगावर बसले. मालकीणबाई ओरडायच्या थांबल्या. त्या कडक आहेत, पण खोट्या नाहीत. माझ्या भाजलेल्या हातावर त्यांनीच पाण्याची धार धरली आणि त्यांनीच भाऊजींना बोलावून घेतलं. रिक्षात मी भाऊजींना सगळं सांगितलं, माशांसकट. ते माझा दुसरा हात धरून बसले होते. एवढंच म्हणाले, ‘मला वाटलं, तुला माझाच कंटाळा आलाय. समोरून ताट पुढे केलं तरी तू बघत नव्हतीस.’

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंकडे मी पाटीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली आणि मला वाटलं, सुटले. मग त्यांनी मला दुसऱ्या खोलीत पाठवलं. तिथे एक मोठा पांढरा वाडगा असतो, हनुवटी टेकवून आत बघायचं. मधल्या दिव्यावर नजर ठेवायची, आजूबाजूला कुठेही बारीक ठिणगी चमकली की हातातलं बटण दाबायचं. एक डोळा झाकून मग दुसरा. मी दाबत होते. मग बराच वेळ काही चमकेचना. मी वाट बघितली. मी तिथल्या बाईंना म्हटलं, ‘अहो, तुमचं यंत्र बंद पडलंय.’ त्या अगदी हळू म्हणाल्या, ‘नाही बाई, चालू आहे. तुम्ही मधेच बघत राहा.’ तो आवाज मी कधी विसरणार नाही. आजपर्यंत माझ्याशी इतक्या हळू कुणी बोललं नव्हतं.

कागदावर दोन गोल निघाले. दोन्हींचा खालचा भाग काळा, डावा जास्त. डॉक्टर बाईंनी सांगितलं, काचबिंदू. मी म्हटलं, मोतीबिंदू ना, तो काढतात, माझ्या सासूबाईंचा काढला होता. त्या म्हणाल्या, ‘नाही. मोतीबिंदू काढला की दिसतं. यात डोळ्यामागची नस सुकत जाते. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते राखायचं.’ दुखत नाही, लाल होत नाही, काळं दिसत नाही. जिथलं दिसत नाही तिथे आपलं मनच आजूबाजूचं ठिगळ लावतं, म्हणून मला रिकामी वाळू दिसायची. आणि सुई? सुई मधोमध असते, मधलं सगळ्यात शेवटी जातं. मी इतकी वर्षं ज्याचा तोरा मिरवला त्यानंच मला फसवलं. आता दिवसातून दोनदा थेंब घालते, वेळ चुकवत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तो वाडगा. डोळ्यांतला दाब उतरला तर आहे एवढं बहुतेक टिकेल असं त्या म्हणतात. बहुतेक. सकाळी उठले की डोळे उघडायच्या आधी मी क्षणभर तशीच पडून राहते. उघडल्यावर काल होतं तेवढंच असेल ना, या धाकानं.

आता बाबांचं. थांब, कागद खाली ठेवू नकोस. डॉक्टर बाईंनी विचारलं, ‘घरात आधी कुणाला होतं?’ मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला बाबा जिना उतरताना दिसले. भर सकाळी, लख्ख उजेडात, तळवा भिंतीला घासत. आपल्या घरातली ती भिंत कमरेच्या उंचीवर गुळगुळीत झाली होती, तुला आठवतं? वाटेतलं स्टूल, तुझी गाडी, आईची बादली, सगळ्यावर ते आदळायचे आणि चिडायचे, ‘हे मध्ये कुणी ठेवलं?’ आई म्हणायची, पाय आहेत की ओंडके. आणि मग गोदामात ते माल चढवायच्या ओट्यावरून खाली पडले आणि गेले. दुपारी बारा वाजता, बावीस वर्षं ज्या ओट्यावर काम केलं त्याच्याच कडेवरून, जसं काही ओटा अजून पुढे आहे. साहेबांनी लिहून दिलं की प्यायलेले होते. ते कधीमधी घ्यायचे, मी नाकारत नाही. पण त्या दिवशी घेतली होती असं बघणारा एकही माणूस पुढे आला नाही. तू चौदाचा होतास. गल्लीतल्या पोरांनी तुला बेवड्याचा म्हणून चिडवलं, तू दोघांची डोकी फोडलीस, आणि त्या दिवसापासून बाबांचं नाव तुझ्या तोंडी आलं नाही. मी डॉक्टर बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तपासल्याशिवाय मी त्यांच्याबद्दल काही म्हणू शकत नाही.’ मीही म्हणणार नाही. पण गेले काही दिवस मी त्यांची मनातल्या मनात क्षमा मागते आहे, तूही मागशील का ते तुझं तू बघ.

आणि आता शेवट, ज्याच्यासाठी एवढे कागद भरले. डॉक्टर बाई पुढे म्हणाल्या होत्या, ‘तुम्हाला सख्खी भावंडं आहेत? त्यांना लगेच तपासून घ्या. भावंडांना याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तुमच्यासारखंच त्यांनाही कळणार नाही.’ मी ‘हो’ म्हटलं. त्याला आज अकरा दिवस झाले. अकरा दिवस मी तुला काहीच कळवलं नाही. कारण मला तुझी शाळेची बस दिसत होती. ती बस म्हणजे तुझं घर, तुझा मान, सोळा वर्षांत एकही ओरखडा नाही म्हणून शाळेनं तुला दिलेली ती पाटी. माझ्या एका वाक्यानं ते सगळं जाईल म्हणून मी तोंड मिटून बसले. पण गेल्या महिन्यात तू आलास तेव्हा तुझ्या स्कूटरचा पुढचा भाग चेपला होता. मी विचारलं तर म्हणालास, ‘फाटकाचा दगड मध्येच आला.’ आपण दोघं हसलो होतो. आता ते हसू मला सारखं ऐकू येतं. या अकरा दिवसांत तू बसभर मुलं रोज सकाळी नेलीस, दुपारी आणलीस, आणि दर खेपेला मी इथे घड्याळाकडे बघत बसले, फोन वाजू नये म्हणून. बस थांबली की दारापुढून धावतात ती मुलं केवढीशी असतात, बारक्या? खाली, अगदी खाली असतात. कदाचित तुझे डोळे ठणठणीत असतील. तसं निघालं तर मला वाटेल तेवढ्या शिव्या दे, मी नाचत ऐकेन. पण ते कळेपर्यंत बसला किल्ली लावायची नाही. हे पत्र मी पोस्टानं पाठवलं नाही, कारण पोस्टाला आणखी दिवस लागले असते. भाऊजी ते हातानं घेऊन आलेत आणि तू वाचतोयस तोवर तुझ्यासमोर काही न बोलता बसलेत, मीच तसं सांगितलंय. उद्या सकाळची वेळ तुझ्या गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांनी घेऊन ठेवली आहे, तुला बरोबर घेऊन जातील. शाळेला काय सांगायचं तेही त्यांना विचार, त्यांनी ते रस्ताभर घोकलं असेल. मी स्वतः का आले नाही? तू ही शेवटची ओळ वाचताना तुझा चेहरा बघायची माझ्यात हिंमत नव्हती. किल्ली भाऊजींच्या हातात दे. आत्ता दे, मग उठ.

तुझीच,
अकरा दिवस उशीर केलेली
ताई